उसनी डबी

थुंकी उसनी मागायची वेळ माणसावर येते, हे ताईला त्या सकाळी कळलं. शेजारपाजारी लोक साखर मागतात, छत्री मागतात. इथे सख्खा धाकटा भाऊ पांढरी प्लास्टिकची डबी पुढे धरून उभा होता.

"ताई, जरा यात खोकून दे ना."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"अगं, तुझी स्वच्छच असणार. माझा काही भरवसा नाही."

भाऊ शाळेची व्हॅन चालवायचा. मुलं त्याला पायलट म्हणायची आणि तोही छाती फुगवून ओ द्यायचा. सहा महिन्यांपूर्वी त्याला क्षय निघाला आणि पायलट जमिनीवर आला. दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. सहा महिने घेतल्या, असं कार्डावर तरी लिहिलं होतं. खरं तर चौथ्या महिन्यात मळमळतंय म्हणून बारा दिवसांच्या गोळ्या उशीखाली गेल्या होत्या. उशीला क्षय असेल तर ती बरी झाली असेल. आता शाळेने निरोप धाडला होता की सोमवारी दवाखान्याचा थुंकी साफ असल्याचा कागद आणा, नाहीतर दुसरा ड्रायव्हर तयार आहे. व्हॅन गेली असती तर ताईच्या पाळणाघरातल्या तुटपुंज्या पगारावर तिघांना दिवस काढावे लागले असते. तिसरी म्हणजे पायलटची तीन वर्षांची पोर, टिंगू. तिची आई बाळंतपणात गेली, तेव्हापासून टिंगू ताईच्या कडेवरून खाली उतरली नव्हती.

ताईने तोंड वाकडं केलं, डबी घेतली आणि खोकली. फार जोर लावावा लागला नाही. दीड महिना खोकला होताच. पाळणाघरात फरशी पुसायच्या औषधाने होतो, असं ती सगळ्यांना सांगायची, आणि सांगून सांगून तिलाही ते पटलं होतं.

"वा, एकदम अस्सल माल!" पायलटने झाकण दाबलं, डबीवर स्वतःचं नाव लिहिलं आणि शीळ घालत गेला.

ताईने भावाचं सगळं केलं होतं. त्याचा पेला कधी वेगळा ठेवला नाही, त्याच्याच ताटात चार घास खाल्ले. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "भांड्याकुंड्यांनी होत नाही हो, हवेतून होतो. खिडक्या उघड्या टाका." भांड्यांचं ताईने मनावर घेतलं, खिडकीचं घेतलं नाही. त्यांची एकुलती एक खिडकी जिन्यावर उघडायची आणि पायलट खोकला की तीन मजल्यांना ऐकू जायचं. लोक काय म्हणतील? म्हणून खिडकी लावली, फटीत कापड कोंबलं, वरून पडदा ओढला. पायलटचा खोकला ओसरला तरी ते कापड कुणी काढलं नाही.

नर्सबाईंनी तेव्हाच आणखी एक विचारलं होतं. "घरात लहान मूल आहे? असेल तर त्यालाही तपासायचं, गोळ्या द्यायच्या."

"नाही," पायलट म्हणाला होता. टिंगूही ताईबरोबर पाळणाघरातच जायची; तिथे कळलं असतं तर दोघींनाही घरी बसवलं असतं. ताई शेजारीच होती. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली होती.

दोन दिवसांनी पायलट दुपारीच परतला आणि उंबऱ्यातच बसला. थुंकीत जंतू सापडले होते. सहा महिन्यांची औषधं वाया गेली म्हणून नर्सबाईंनी त्याला फैलावर घेतलं होतं; आता पुन्हा तपासण्या, आणि मग जबर औषधं, तीही किती महिने ते सांगता येत नाही. हे सगळं तो रडवेल्या आवाजात सांगत होता आणि सांगता सांगता मध्येच थांबला.

"ताई! पण ते माझे नाहीतच ना!"

आणि तो हसला. अगदी मोकळं, पोटातून. मग त्याची नजर ताईवर गेली आणि त्याने हसू गिळलं. "म्हणजे, तुझंही बघू गं आपण. होशील तू बरी."

ते हसू ताईला कुठेतरी खोल लागलं. या माणसाच्या उशाशी आपण सहा महिने बसलो, असं तिच्या मनात आलं, आणि तिला त्याचा मनापासून राग आला.

दोघं दवाखान्यात गेली. नर्सबाईंनी आधी डोक्याला हात लावला, मग दोघांना यथेच्छ झाडलं. पायलटने या वेळी स्वतःची थुंकी दिली. ती साफ निघाली. बारा दिवस उशीला गोळ्या चारूनही साफ! पहिल्याच दिवशी आपली दिली असती तर कागद हातात पडला असता. तो आता पडला, आणि पायलटने घडी घालून खिशात ठेवला.

त्याच टेबलावर नर्सबाईंनी नवं कार्ड काढलं.

"खोकला किती दिवस?"

"दीड महिना."

"काम?"

"पाळणाघरात."

नर्सबाईंचं पेन थांबलं. "किती मुलं?"

"अकरा."

आता तिला पाळणाघराचं दार कायमचं बंद झालं होतं, हे तिलाही कळलं. ज्यांना तिने मांडीवर घेऊन भरवलं, थोपटून झोपवलं, त्या अकराही पोरांना आता रांगेत उभं करून तपासणार होते. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आणि घरात लहान मूल?"

दाराशी उभ्या पायलटने नकारार्थी मान हलवली. मग पुढे येऊन तो तिच्या कानाशी पुटपुटला, "ताई, घरात अजून क्षय आहे हे शाळेत कळलं तर व्हॅन जाईल हां. विचार कर."

ताईने विचार केला. टिंगूला आठ दिवस संध्याकाळी अंगात बारीक कसर येत होती, पोरगी जेवत नव्हती. दाढा येत असतील, असं दोघांनी ठरवून टाकलं होतं.

"आहे," ती म्हणाली. "याची मुलगी, तीन वर्षांची. माझ्या कुशीत झोपते. अंग तापतंय तिचं. तिचं नाव आधी लिहा."

नर्सबाईंनी पायलटचं जुनं कार्ड उलटून पाहिलं. "इथे तर 'नाही' लिहिलंय."

"खोटं लिहिलंय. मी शेजारीच बसले होते."

पायलट तिच्यासाठी थांबला नाही. संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा टिंगू आतल्या खोलीत मलूल पडून होती. तिला उद्या सकाळी छातीच्या फोटोला न्यायचं होतं. ओट्याच्या कोपऱ्यात एक ताट आणि एक पेला वेगळा मांडला होता. पेल्याला लाल दोरा बांधला होता, चुकून दुसऱ्या कुणी घेऊ नये म्हणून.

"हे काय?"

"काळजी घ्यायला नको?" पायलट तिच्याकडे न बघता म्हणाला.

ताईला काही बोलायचं होतं, पण खोकल्याची उबळ आली. पायलट चटकन उठला. तिला वाटलं, पाणी देईल. त्याने खिडकी नीट लागली आहे का ते पाहिलं आणि फटीतलं कापड आणखी आत कोंबलं.

"हळू गं. जिन्यात ऐकू जातंय."

ताईने त्याला बाजूला सारलं. कापड उपसून काढलं, पडदा ओढला तो दांडीसकट खाली आला, आणि तिने खिडकी सताड उघडली. मग चौकटीला धरून ती खोकत राहिली. वरच्या मजल्यावर कुणीतरी दार लावून घेतलं.