वाळकाचा ब्रश

वंदनाने भाज्या घासायचा ब्रश खिडकीत वाळत ठेवला होता. तिसऱ्या दिवशी तो अंगणातल्या दगडावर सापडला, केसांत दुधाचा चिकटा. तिच्या नवऱ्याने, अंगदने, त्या ब्रशने दुधाची कॅन घासली होती. जाब विचारला तर तो म्हणाला, घरात तेवढाच एक ब्रश साफ दिसला.

प्रीती, त्यांची मुलगी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मागच्याच महिन्यात तिचं पोट बिघडलं आणि चार दिवस जालन्याच्या दवाखान्यात सलाईन लागलं. बाळाचे ठोके नीट लागत नाहीत असं नर्स म्हणाली, तेव्हा वंदना रात्रभर पोरीच्या उशाशी बसून राहिली होती. निघताना डॉक्टरांनी बजावलं की कच्चं खायचं तर वाहत्या पाण्याखाली ब्रशने घासूनच. त्या ब्रशला साबण, पावडर, दुसरं काहीही लागता कामा नये. आणि प्रीतीला डोहाळे लागले होते ते कपाशीतल्या वेलावरच्या, मातीने माखलेल्या, काकडीसारख्या वाळकांचे, तेही सालासकट.

वंदनाने जाफराबादहून दोन ब्रश आणले. एक कपाटात ठेवला, दुसऱ्याला लाल दोरा बांधून घरात एकेकाला दाखवला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

गुरुवारी वाळूक धुवायला घेतलं, तर ब्रश गायब. तो देव्हाऱ्यापुढे होता. सासूबाई, साळूबाई, पितळेचे देव घासत बसल्या होत्या आणि ब्रश पावडरीने बरबटला होता.

"आत्याबाई, हा वाळकाचा ब्रश आहे."

"मला ठाव हाय. उष्टा न्हाई, खरकटा न्हाई, म्हणून तर देवाला घेतला. मंग काय भांड्याचा ब्रश लावू बाळकृष्णाला?"

 कॅनने ब्रश खराब झाला असं म्हणता आलं होतं. देवाने खराब केला असं कोण म्हणणार? घरात एक वस्तू स्वच्छ ठेवावी, तर ती स्वच्छ आहे म्हणूनच जो तो तिच्यावर हात टाकत होता.

कपाटातला काढला तर तोही असाच जाईल, म्हणून वंदनाने वाळूक हातानेच चोळून धुतलं, साल काढून दिलं. प्रीतीने एक फोड चावली आणि ताटली सरकवली.

दुपारी वंदनाने कपाटातला ब्रश आणि टोपलीभर वाळकं साळूबाईंपुढे ठेवली.

"आजपासून ही तुम्हीच धुवायची. ब्रशही तुमच्याकडे. परत पोट बिघडलं तर जालन्याला पोरीच्या उशाशी तुम्ही बसा. माझ्यानं आता होत न्हाई."

साळूबाईंनी ब्रश उलटापालटा करून पाहिला. 

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगद कॅन घेऊन आत आला.

"त्या ब्रशला हात लावू नको," साळूबाई म्हणाल्या आणि त्याच्यापुढे काथ्या टाकला. त्या नळाखाली एकेक वाळूक घासत होत्या, देठाकडची माती नखाएवढीही सोडत नव्हत्या. वंदनाने समाधानाने एक उचलायला हात पुढे केला.

"आधी हात धू, वंदने."

वंदना नुकतीच आंघोळ करून आली होती. तरी तिने नळाखाली हात धुतले.