हुडहुडीच्या ओव्या

दुपारचे बारा वाजत आले की आमच्या वॉर्डाच्या सहाही खिडक्यांना माणसं लटकत. गजांतून हात आत येत. कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या कडेवर खंगलेलं लेकरू. सगळ्यांचे डोळे चौथ्या खाटेवर.

खाटेवर द्वारकाबाई. वय असेल तीस-बत्तीस. तिला अशी हुडहुडी भरायची की लोखंडी खाट फरशीवर खडखड वाजत राही. तीन-तीन घोंगड्यांखालून तिचे पाय उडत, दातावर दात आपटे. नात्यातल्या बायका पुढं होऊन तिच्या कपाळाला हळदीकुंकू लावत आणि अंगात आलेल्या बाईला विचारावं तसं विचारत, की आई, कोण हाय तू, काय पायजे तुला. ती काय बोलणार? तिच्या तोंडून नुसती थरथर येई.

मग दारातून बब्रुवान महाराज येत. कपाळभर भंडारा, हातात मोरपिसांचा कुंचा. कुंचा तिच्यावरून तीनदा उतरवत, भंडाऱ्याची मूठ उधळत, आणि थोड्या वेळात खाट वाजायची थांबे. द्वारकाबाईचा चेहरा सैल पडे. खिडक्यांतून चांगभलं उठे.

सात दिवस हे असंच चाललं. मी त्या वॉर्डातली सिस्टर. खरं काय ते मला ठाऊक होतं, तरी मी गप्प होते, हे आधी सांगून टाकते.

ते शहाऐंशी सालचे दुष्काळी दिवस. द्वारकाबाई माकणीकडच्या एका खेड्यातली. गावच्या सोसायटीचं गोदाम दोन वर्षं बंद पडलं होतं. आत पारव्यांची वस्ती आणि वीतभर विष्ठा. तिथं जनावरांसाठी चारा ठेवायचं ठरलं, तेव्हा झाडलोटीला ही गेली. चार दिवस त्या धुळीत वावरली. पुढं काही आठवड्यांनी डोकं दुखायला लागलं, ताप आला, मान ताठली, एकाचे दोन दिसायला लागले. नवऱ्यानं, उत्तरेश्वरनं, तिला बब्रुवान महाराजांच्या मठात नेऊन बसवलं. एकवीस दिवस. बाविसाव्या दिवशी ती आईला ओळखेना, तेव्हा तिची आई दगडाबाई एकटीच बैलगाडी करून तिला एसटीपर्यंत घेऊन आली आणि आमच्या दारात उतरली.

डॉक्टरांनी पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं, काळ्या शाईच्या थेंबात मिसळून दुर्बिणीखाली पाहिलं. मेंदूच्या आवरणात बुरशी शिरली होती. त्यावरचं औषध सोलापुराहून आलं, थर्मासात बर्फ घालून. कुपीत पिवळी पूड. ती साखरेच्या पाण्यातच मिसळायची. मिठाच्या पाण्यात घातली की दूध नासावं तशी फुटते. उजेड लागू नये म्हणून बाटलीला एक्सरेच्या पाकिटातला काळा कागद गुंडाळायचा. पहिल्या दिवशी अगदी जराशी मात्रा देऊन बघायचं, सोसतं का. मग रोज थेंब-थेंब, चार-पाच तास. हे औषध मूत्रपिंडाला जड, म्हणून लघवी मोजायची आणि दोन-तीन दिवसांआड रक्त तपासायचं. आणि ते सुरू केल्यावर तासाभरात बहुतेकांना हुडहुडी भरते. आम्ही घोंगडी घालत होतो, सुई देत होतो. ती तासा-सव्वातासात उतरते.

एवढं सगळं आम्हाला माहीत होतं. दगडाबाईला, उत्तरेश्वरला कुणी सांगितलं? कुणीच नाही. खाटा चाळीस, सिस्टर दोन. डॉक्टर सकाळी फेरी करून बाहेरच्या रांगेत अडकायचे. रिकाम्या घरात पारवे घुसतात, तसे आमच्या गप्प राहण्यात महाराज घुसले.

आणि बोलायला ते पक्के. माणसं जमली की कुंच्यानं बाटली दाखवत. "रंग बघा ह्याचा. डाक्टरच्या पाण्याला आसला रंग आस्तोय व्हय? आईनं सोता उतरून भंडारा मिसळलाय. म्हणून तर काळ्या कागदात झाकून ठिवत्यात, मानूस वळखंल म्हणून." लोक माना डोलवत. जाता जाता महाराज माझ्या टेबलाशी थांबत आणि आवाज उतरवून खोकल्याच्या गोळ्या मागत. भंडारा नाकातोंडात जाऊन त्यांना खोकला लागला होता.

सहाव्या-सातव्या दिवशी हुडहुडी जरा कमी झाली. अंगाला औषधाची सवय होते तसं घडतं. महाराज म्हणाले, आई नरमली, आता दवाखान्यात तिचा जीव रमेना, शुक्रवारी मठात आणा. उत्तरेश्वर हो म्हणाला. मी त्याला कोपऱ्यात घेऊन समजावलं, की अजून चार-पाच आठवड्यांचं औषध बाकी आहे, अर्ध्यात सोडलं तर बुरशी उलटेल आणि बाई राहायची नाही. तो खाली बघत म्हणाला, "सिस्टरबाई, थांबताना डोळ्यानं बघतूय म्या. तुमी थांबवली का येकदा तरी?"

दगडाबाई खाटेच्या पायथ्याशी बसून होती. तिचे ओठ हलत होते. मला वाटलं, नामस्मरण चाललंय. एकदा वाकून ऐकलं, तर ती ओव्या म्हणत होती, जात्यावरच्या, पुटपुटत:

ल्येकीच्या अंगावरी वाऱ्याची येरझार
थांब थांब रं वाऱ्या, दळण सरंस्तोवर

वीस ओव्या झाल्या की ती ज्वारीचा एक दाणा एका मुठीतून दुसऱ्या मुठीत टाकायची. मी विचारलं, तर म्हणाली, काय न्हाय बाई, आमच्याकडं घड्याळ कुठंय, पायलीभर दळायला किती लागत्यात ते बायका असंच मोजत्यात. जिवाला चाळा म्हणून मोजते. पुढं म्हणाली, "पर मोज चुकत न्हाय माजी."

शुक्रवार उजाडला. त्या दिवशी रक्ताचा अहवाल यायला उशीर झाला. मूत्रपिंड बरं आहे हे कळल्याशिवाय बाटली लावायची नाही, असं डॉक्टरांचं बजावणं. रोज दहाला लागणारी बाटली साडेअकराला लागली.

महाराज मात्र रोजच्या लोहाऱ्याच्या एसटीनं वेळेवर आले. मठात न्यायचा दिवस म्हणून खिडक्यांत दुप्पट गर्दी. द्वारकाबाई निपचित पडलेली. महाराज क्षणभर चाचरले, मग कुंचा उचलून म्हणाले, "बघा. आज म्या यायच्या आधीच आईनं वाट मोकळी केली. गेली. लेकीचं अंग रिकामं झालं." भंडारा उधळला. चांगभलं झालं. बायका पाया पडायला लागल्या, नारळांची रास झाली. उत्तरेश्वर पिशवी भरायला लागला.

साडेबारा वाजले आणि खाट वाजायला लागली.

आधी हलकेच, मग खडखडखडखड. एक बाई नारळ हातात धरून तशीच उभी राहिली. मी सुई द्यायला धावले. महाराजांच्या कपाळावरचा भंडारा घामानं ओघळला, पण जीभ काही ओघळली नाही. "आई बाटलीत आडकलीया. थेंब-थेंब कसं यावं तिनं? चाक सोडा. यकदम मोकळी व्हऊ द्या."

उत्तरेश्वरनं नळीवरचं चाक सोडलं. थेंबांची धार झाली. ते औषध असं एकदम अंगात गेलं तर काळीज थांबू शकतं. मी खाटेच्या पलीकडच्या बाजूला, हातात सुई. तेवढ्यात दगडाबाईनं जावयाचं मनगट धरलं.

"जावईबापू, हात काढा."

त्याचा हात सुटला. मी चाक आवळलं, थेंब पुन्हा घड्याळावर लावले. म्हातारी महाराजांकडं वळली.

"म्या सात दिस मोजतीया. बाटली लागली की सा इसा वव्या, म्हंजी सा दाणं सरत्यात, मंग हुडहुडी भरती. भरल्यावर सात इसा सरल्या की उतरती. आज बाटली उशिरा लागली, हुडहुडी बी उशिरा आली. तुमी तर येळंवर आलाव. मंग आईचीच एसटी चुकली का काय?"

खिडकीतून कुणीतरी हसलं आणि तोंडावर हात ठेवला.

"म्हातारे," महाराज म्हणाले, "देवीचं येणंजाणं वव्यांत मोजती व्हय?"

"दळण मोजते. बसा की. कुंचा खाली ठिवा. सात इसा व्हस्तोवर भंडाऱ्याचा कण बी टाकू नका. न्हाय थांबली, तर लेक मीच आणून घालते तुमच्या मठात."

औषध काही ओव्यांना बांधलेलं नसतं. त्या दिवशी हुडहुडी लांबली असती तर? पण म्हातारीनं भिंतीला पाठ टेकवली आणि ओवी उचलली, या वेळी मोठ्यानं. भेगाळलेला, जड आवाज. पहिला दाणा पडला. दुसरा. तिसऱ्याला खिडकीतल्या दोघी-तिघी बायका ओवी झेलायला लागल्या. चौथ्याला महाराज उठले, परतीची गाडी निघंल म्हणाले. त्यांना कुणी अडवलं नाही, कुणी वाट करूनही दिली नाही. सहावा दाणा पडला आणि खाटेचा आवाज विरळ झाला. सातव्याला अजून पाच ओव्या बाकी होत्या, तेव्हा द्वारकाबाईनं घोंगडीतून हात काढला आणि पाणी मागितलं.

उत्तरेश्वर पिशवी घेऊन उभा होता. ती त्यानं खाटेखाली सारली आणि खाली बसून हुंदका दिला.

संध्याकाळी आमच्या वॉर्डबॉय श्रीपतीमामानं माझ्यासमोर कबूल केलं. पहिल्याच दिवशी महाराजांनी त्याला चहा पाजून विचारलं होतं, बाई कापती ती थांबती कधी? मामा भोळेपणी म्हणाला, सिस्टर म्हणत्यात, बाराच्या पुढंमागं. एवढीच त्या चमत्काराची किल्ली. हुडहुडी अजून भरात असली की महाराज हॉटेलात आणखी एक कप मागवायचे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी खाटेशी बसून दोघांना सगळं समजावलं. जे आठ दिवसांपूर्वी करायचं होतं ते. पुढं मणक्याचं पाणी पुन्हा तपासलं, तेव्हा दगडाबाईला दुर्बिणीपाशी नेलं. ती एक डोळा मिटून बघत राहिली. "काळ्या आभाळात खळं पडलेलं चांदोबा हायती," म्हणाली. डॉक्टर म्हणाले, पहिल्या दिवशी आभाळ भरून होते, आता चार-दोन उरलेत.

द्वारकाबाई दीड महिन्यानं घरी गेली. जगली. पण डावा डोळा परतला नाही. मठातले ते एकवीस दिवस तिच्या डोळ्यातून गेले, ते कोण भरून देणार? बब्रुवान महाराजांनी दुसऱ्या तालुक्यात मठ मांडला असं पुढं कानावर आलं. तिथंही कुणाची तरी लेक बसलेली असेल.

म्हणून हे लिहिते. चमत्काराला नमस्कार करायला हात जोडाल, त्याआधी त्या हातांनी जरा मोजा. कधी सुरू झालं, कधी थांबलं, महाराज नसते तर थांबलं नसतं का? घड्याळ नसेल तर ओव्यांनी मोजा. दवाखान्यात गेलात तर विचारा, की ही बाटली कसली, ही हुडहुडी कशानं, आणि कळेस्तोवर विचारत राहा. आणि आम्ही पांढऱ्या कपड्यांतल्यांनी विचारायच्या आधीच सांगावं.

निघताना दगडाबाईनं ते सात दाणे माझ्या टेबलावर ठेवले. मी म्हटलं, मावशी, आता कशाला हे? ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई. फुडली येईल तिच्या आईला द्या."