पर्टिक्युलॅरिटीचा तिसरा अर्थ

कोशाच्या कार्यालयात तिला सगळे तपशीलताई म्हणत. तोंडावर नाही, पण ऐकू जाईल इतक्या जवळून. इंग्रजी शब्दांना मराठी अर्थ लावायचं तिचं काम, आणि ते ती धान्य निवडावं तसं करायची. गेली कित्येक वर्षं ती हंगामी होती. कोणत्या पिकाचा हंगाम इतका लांबतो, ते शेतकीखात्याला विचारावं.

यंदा मात्र उपसंपादकाची जागा रिकामी झाली होती. ती मिळाली की ताई कायम होणार. नाही मिळाली की दरवर्षीसारखं पुन्हा साहेबांच्या दारात उभं राहून "यंदाही ठेवाल ना?" असं हसऱ्या चेहऱ्याने विचारायचं. त्या हसण्याचा तिला आता वीट आला होता. ही जागा तिला हवी होती, अगदी जीव तोडून हवी होती.

जागा द्यायची होती मुख्य संपादकांनी. त्यांचं नाव पडलं होतं एकंदरीतसाहेब. एकंदरीत काम बरं चाललंय, एकंदरीत चहा गोड झालाय. तपशिलाशी त्यांचा छत्तीसचा आकडा, आणि हाताखाली शब्दकोश! आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय म्हणतात, ते काही उगाच नाही.

नेमका मुलाखतीच्याच आठवड्यात ताईच्या टेबलावर शब्द आला, पर्टिक्युलॅरिटी. मोठा ऐटबाज शब्द. साहेबी इंग्रजीतसुद्धा तो लिहिण्यातच जास्त, बोलण्यात क्वचित. पहिला अर्थ तपशीलवारपणा, बारकाईने सांगणं. दुसरा चोखंदळपणा, काटेकोरपणा. या दुसऱ्या अर्थाला लांब जायला नको होतं. पर्टिक्युलर हा शब्द तर मराठी स्वयंपाकघरात केव्हाच येऊन बसला होता.

"पोरीत खोट काही नाही हो, पण फार पर्टिक्युलर आहे," ताईची आई शेजारणीला सांगायची. आणि लगेच पुढच्या श्वासाला, "मी आपली पहिल्यापासून पर्टिक्युलर! भांडं जागच्या जागी लागतं मला." ताईने टिपून ठेवलं: स्वतःबद्दल म्हटलं की गुण, दुसऱ्याबद्दल म्हटलं की खोड. असला बारकावा कोणत्याही इंग्रजी कोशात सापडला नसता.

अडलं ते तिसऱ्या अर्थापाशी. एखादी गोष्ट तीच असणं, तिच्यासारखी दुसरी नसणं.

"एकंदरीत 'वैशिष्ट्य' लिहा आणि मोकळ्या व्हा," साहेब म्हणाले.

"साहेब, वैशिष्ट्यं मिक्सरच्या खोक्यावर छापतात. शंभर मिक्सरांची वैशिष्ट्यं एकच असतात. हा शब्द त्याच्या उलट आहे. 'अनन्यपण' म्हणू या."

"तुमचं काय म्हणणं?" साहेबांनी शेजारच्या टेबलाला विचारलं. तिथे होयबा बसायचा.

"होय साहेब. ताईंचंही होय," होयबा म्हणाला.

साहेबांनी हात झटकले. अर्थ ताईचा राहिला, पण उदाहरणाचं वाक्य समितीपुढे ठेवायचं ठरलं. वाक्य कसं हवं याचा नियम होता: कुणाला बोचणार नाही, कुणाला ओळखू येणार नाही, आणि कुठेही चालेल.

त्याआधी मुलाखत झाली. समिती तीच, साहेब आणि दोन पाहुणे; पाहुण्यांतला एक जागा होता. तो म्हणाला, "सर्वात बेस्ट तुम्हीच का, ते सांगा."

"बेस्टमध्येच 'सर्वात' आलं," ताई म्हणाली. बोलून झाल्यावर तिने जीभ चावली, पण बाण सुटला होता. मग तिने आपलं काम सांगितलं: कोणत्या अक्षरात किती चुका सापडल्या, कोणते अर्थ वाचकांच्या तक्रारींवरून फिरवले, कोणता शब्द कोशात दोनदा शिरला होता. साहेब तेवढ्या वेळात पंख्याकडे बघत होते. होयबाची मुलाखत बाहेर ऐकू येत होती. होय, होय, अगदी होय.

निकाल चहाच्या वेळी कळला. होयबा उपसंपादक झाला. पेढ्याबिढ्याची वाट न बघता ताई सरळ साहेबांच्या खोलीत गेली.

"माझं काय कमी पडलं, साहेब? एक कारण सांगा."

"असं काही विशिष्ट कारण नाही हो," साहेब दुखावल्या सुरात म्हणाले. "एकंदरीत विचार केला."

"एक तरी सांगा. सुधारीन मी."

"हे बघा, हेच. तुम्ही फार पर्टिक्युलर आहात."

ताई स्वच्छतागृहात जाऊन रडली. तिला दुःख झालं होतं आणि त्याहून जास्त संताप आला होता. चूक दाखवली असती तर तिने मान खाली घालून ऐकून घेतली असती. नकार द्यायचा, तोही मोघम! मग तिने तोंड धुतलं, टेबलाशी आली आणि तिसऱ्या अर्थाचं वाक्य लिहिलं.

सोमवारी समिती बसली. नव्या उपसंपादकाने खणखणीत आवाजात वाचलं: "'इतकी वर्षे चोख काम करूनही तिला डावलले गेले, कारण तिचे अनन्यपण ओळखण्याची त्यांच्यात कुवत नव्हती.'"

हंगामी माणसाला काढायला कागदही लागत नाही, हे ताईला पक्कं ठाऊक होतं.

"वा!" जागा पाहुणा म्हणाला. "आमच्या कचेरीत अगदी हेच चालतं."

"आमच्याही," दुसरा जागा होत म्हणाला.

"होय," होयबा म्हणाला.

"एकंदरीत उत्तम," साहेबांनी पेन उघडलं. मग जन्मात पहिल्यांदा त्यांना एक तपशील विचारावासा वाटला. "पण यातली 'ती' म्हणजे कोण हो?"

"कुणी विशेष नाही, साहेब," ताई म्हणाली.

"मग हरकत नाही," साहेब म्हणाले आणि त्यांनी सही केली.