समुद्राखालचा धक्का आणि इंदुताईंची आई

ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या तळघरात उभा असलेला मी एक जुना भूकंपमापक आहे, मित्रांनो. जमीन किती हलली ते कागदावर लिहून ठेवणे हे माझे काम.

माझा जन्म चिखलीतल्या एका वर्कशॉपमधला. सयाजी नावाच्या कारागिराने माझे जड वजन लेथवर कातले आणि नाजूक स्प्रिंगला टांगले. जमीन हलली की मी हलतो, पण ते वजन जागच्या जागी राहू पाहते. दोघांतला हा फरक बॅटरीच्या जोरावर मोठा होतो आणि शाईची लेखणी तो किल्लीवर फिरणाऱ्या कागदावर रेखते.

सुरुवातीची वर्षे मानाची गेली. विद्यार्थी रांगा लावून मला बघत. पुढे शेजारी संगणकाचे नवे यंत्र आले आणि माझ्या काचपेटीवर जुन्या वह्यांचे गठ्ठे साठले. मला विसरल्या नाहीत त्या एकट्या इंदुताई. त्या तळघराची झाडलोट करतात. जुन्या सरांनी निवृत्त होताना त्यांना सांगितले होते, "याला रोज किल्ली द्या." नंतर कुणी 'आता नको' म्हटलेच नाही, म्हणून त्या देत राहिल्या.

गेल्या मार्चमधल्या एका गुरुवारी वीज गेली होती आणि नवे यंत्र बंद पडले होते. अकराच्या सुमारास माझी लेखणी शहारली. हायवेवरच्या ट्रकांची थरथर मी ओळखतो. ही ती नव्हती. एकवीस सेकंदांनी कंपनाची दुसरी, मोठी लाट आली. थोड्या वेळात सारे शांत झाले. वरच्या वर्गांत कुणाला कळलेही नाही.

अर्ध्या तासाने इंदुताईंचा फोन वाजला. कोकणातून त्यांची वहिनी बोलत होती.

"वन्सं, मोबाइलवर आलंय, समुद्रात सहा पॉइंट आठचा भूकंप झाला! आता लाटा येणार म्हणतात. सगळं गाव टेकडीवर निघालंय. आईंना खाटेसकट उचलायचं का?"

इंदुताईंच्या आईचे मांडीचे हाड मोडले होते. पायाला वजन बांधून त्यांना निजवले होते. उचलले तर हाड सरकणार होते, आणि घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर होते.

इंदुताई वर भूकंपाचा विषय शिकवणाऱ्या योगिनी मॅडमना घेऊन धावतच खाली आल्या. मॅडमनी वह्यांचे गठ्ठे बाजूला लोटले.

"ताई, हे चालू कसं?"

"मी सकाळीच किल्ली दिली. चुकलं का?"

"अहो, बरं केलंत!"

मॅडमनी कागदावर पट्टी लावली. धक्का जितका दूरचा, तितकी कंपनाच्या दोन लाटांमधली फट मोठी; एकवीस सेकंद म्हणजे सुमारे एकशे सत्तर किलोमीटर. मोठ्या लाटेची रेघ बोटाच्या अर्ध्या पेराएवढी. दोन्हींचा मेळ घालून उत्तर आले तीन पॉइंट आठ.

"ताई, या मोजणीत आकडा एकाने वाढला की रेघ दहापट होते. तिनाने वाढला तर हजारपट. सहा पॉइंट आठची रेघ या कागदावर मावलीच नसती."

"मग समुद्राची लाट?"

"एवढ्याशा धक्क्यानं नाही येत. तरी थांबा, विचारते."

त्यांनी दुसऱ्या एका भूकंपमापन केंद्रात फोन लावला. धक्का समुद्राखालचाच होता. तिथे तीन पॉइंट सात आले होते. लाटांचा धोका नाही, असे सरकारी केंद्रानेही कळवले होते.

इंदुताईंनी लगेच वहिनीचा नंबर फिरवला. तिसऱ्या वेळेला फोन लागला.

"वहिनी, आईला उचलू नका! धक्का बारका होता. मी माझ्या डोळ्यांनी रेघ बघितली."

पलीकडून आईंचाच खणखणीत आवाज आला, "अगो, कधीची ओरडत्ये, भात करपतोय! सगळी खाटेभोवती उभी. कोणीतरी आधी गॅस बंद करा!"

इंदुताई हसल्या. हसता हसता माझ्या चौथऱ्याला टेकून खाली बसल्या आणि पदरात तोंड लपवून मनसोक्त रडल्या.

त्या दिवसाचा कागद आता वरच्या भिंतीवर लावला आहे. निरीक्षकाच्या जागी मॅडमनी स्वतःचे नाव लिहिले नाही, इंदुताईंचे लिहिले.

मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांना भंगारात देण्याआधी एकदा पुसून, चालवून बघा. आणि घाबरवणारा एखादा आकडा हाती आला, तर पुढे धाडण्याआधी एवढेच विचारा, हा मोजला कुणी? कुठेतरी कुणाच्या तरी आईची खाट त्या आकड्यावर उचलली जाणार असते.