चढाला तापते, उताराला गारठते

गाडी दोराने ओढत नानांच्या गॅरेजात आणली, तेव्हा त्यांची धाकटी लेक हातातलं काम टाकून पुढे धावली. गाडी डॉक्टरीणबाईंची, पण चालवणारा मामा, तिच्या आईचा सख्खा भाऊ. चौदा वर्षं बाईंना टेकडीवरच्या दवाखान्यात नेत-आणत होता. आज चढावर इंजिन उकळलं, वाफेचा लोट आला आणि गाडी जागच्या जागी बसली.

बाईंचा फोन लगेच आला. "दुरुस्ती करा, पण आधी एक सांगा. ड्रायव्हरने पाणी बघितलं नव्हतं, म्हणून झालं का हे? तसं असेल तर उद्यापासून त्याने येऊ नये. संध्याकाळपर्यंत कळवा."

झालं! म्हणजे भाचीनेच मामाचा निकाल लावायचा.

मामा स्टुलावर अंग चोरून बसला होता. एरवी हा माणूस आला की गॅरेज डोक्यावर घेतो.

"मामा, तापमानाची सुई कशी वागायची ते सांग. पहिल्यापासून."

"दोन महिने झाले बघ. सपाट रस्त्याला मध्यावर यायचीच नाही. उताराला तर पार तळाला. हीटर लावला तरी गार वारा. आणि चढाला लागलो की सरसर वर. माथ्यावर जरा थांबलो की परत खाली."

"मग बोलला का नाहीस?"

"माझंच चुकलं असेल गं."

आता याला काय म्हणावं! पाणी विसरलेली गाडी एकदा तापते आणि बसते. दोन महिने असले नखरे करत नाही. धाकटीने पाइप चाचपले, कुठे गळती नाही. पंखा ठीक, पंप ठीक, रेडिएटर स्वच्छ. राहिला थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाण्याला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. ती उघडी अडकली तर इंजिन गार राहतं, बंद अडकली तर तापतं. एकच झडप दोन्ही कशी करेल, हे काही तिला उमगेना. तिने पान्हा घेतला आणि झडपेच्या टोपीला लावला.

"येतो जरा जाऊन," म्हणत मामा उठला आणि निघूनही गेला.

इंजिन निवेपर्यंत तासभर गेला, मग टोपी निघाली. आत झडपच नव्हती. कडेला पाणी झिरपू नये म्हणून लावायची निळी पेस्ट मात्र अगदी निगुतीने फिरवलेली. अशी पेस्ट या गॅरेजात एकच माणूस लावतो.

"नाना, हिचा थर्मोस्टॅट कुठाय?"

दाराशी नटबोल्ट निवडत बसलेल्या बापाने मानही वर केली नाही. "काढला, दोन महिन्यांमागे. चाळीस वर्षं काढतोय. ती झडप म्हणजे नसती कटकट. एकाचंही इंजिन गेलं नाही अजून."

"आज गेलं."

तिने फळीवरची नवी झडप आणून त्यांच्या हातात ठेवली. "ही खालची चकती बघा. तुमच्या जुन्या इंजिनांत ही नव्हती. या इंजिनात पाण्याला दोन वाटा आहेत. एक रेडिएटरवरून, लांबची. दुसरी जवळची, तशीच परत इंजिनात. इंजिन तापलं की ही चकती जवळची वाट बंद करते. तुम्ही ती काढलीत, मग अर्धं पाणी रेडिएटरचं तोंडही न बघता फिरत राहिलं. उरलेलं अडवायला झडपच नाही, म्हणून सपाटीला तेवढंच इंजिन गारठवायला पुरलं, चढाला मात्र अंगाशी आलं."

नानांनी अंगठ्याने चकती दाबली, सोडली, पुन्हा दाबली. हाडाचा कारागीर तो, समजायला वेळ लागला नाही. चेहरा उतरला.

"मला कुणी सांगितलं नाही."

"कोण सांगणार? नाकावर माशी बसू देता का कधी?"

त्यांनी दाराबाहेर एक नजर टाकली. मग हळूच म्हणाले, "बाईंना सांग, पाणीच कमी होतं. त्यांच्या दवाखान्याच्या सगळ्या गाड्या आपल्याकडे येतात. नाव गेलं की संपलं. तुझ्या मामाला मी इथे ठेवून घेतो."

धाकटीच्या डोळ्यांत पाणीच आलं, रागाने आणि लाजेने. आपलेच दात, आपलेच ओठ! "चोर सोडून संन्याशाला फाशी, नाना? चौदा वर्षांत त्याने बाईंना एकदा उशीर केला नाही. कामचुकार म्हणून घरी बसवायचं त्याला?" तिने नंबर लावला, फोन स्पीकरवर टाकला आणि त्यांच्यापुढे धरला. "तुम्ही सांगा. माझ्याच्याने खोटं बोलवणार नाही."

नाना फोनकडे वाकले. "बाई, पाणी कमी नव्हतं. चूक माझी आहे."

"आता हे काय नवीन?" पलीकडून आवाज आला. "तुमचा मेहुणा आत्ताच लिहून देऊन गेला. पाणी बघायला मीच विसरलो म्हणून. सही आहे त्याची. मी त्याला मोकळंही केलं."

धाकटीने मामाच्या रिकाम्या स्टुलाकडे बघितलं. नानांच्या हातातली झडप फरशीवर पडली, ती कुणी उचलली नाही.

"त्याला माहीत होतं," नाना कसंबसं म्हणाले, फोनला की पोरीला, कोण जाणे. "काढली तेव्हा बॅटरीचा उजेड धरून तोच उभा होता. म्हणाला, दाजी, कंपनीने उगाच घातली असेल का? मी म्हटलं, तू स्टिअरिंग धर, इंजिन मला शिकवू नकोस."

"तुम्ही हे लिहून द्याल?" बाईंनी विचारलं. "द्याल, तर मी पुन्हा विचार करेन. नुसत्या बोलण्यावर नाही."

"आणतो," नाना म्हणाले.

धाकटीने बिलबुक काढलं. "सांगा, मी लिहिते."

"नको. त्याने स्वतःच्या हाताने लिहिलंय."

चाळीस वर्षांत बिलावर सहीपलीकडे काही न लिहिलेला माणूस तो. बाकावर वाकून, एकेक अक्षर जुळवत त्यांनी लिहिलं: थर्मोस्टॅट मी काढला. मेहुण्याने तेव्हाच अडवलं होतं.