मंगळवार, सकाळी सात

“भरलीस का रे शिळ्या पाण्याची बाटली?”

तो कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडला आणि समोरच्या चाळीच्या पायरीवरून ताईनं हाळी दिली. त्याच्या हातात बर्फाची पेटी होती, पेटीत आतल्या विहिरीच्या पाण्याचा नमुना. गुरुवार, दुपारचे साडेतीन.

“आत्ता तर काढलंय, ताई. शिळं कसं?”

“पोचेपर्यंत होईल. दहावी ना ही? नऊ नवसांना पावला नाही तो दहाव्याला पावणार!”

ताईचं तोंड तिखट, पण बोलणं खोटं नव्हतं. पाणी खात्यात तो नमुने गोळा करायचा. सगळे त्याला बाटलीवाले म्हणायचे. जन्मात एक घोट न घेता हे नाव मिळवणारा मीच पहिला, असं तोही हसत सांगायचा. रंगाचा हा कारखाना बंद पडून बावीस वर्षं झाली होती. मागच्या शेडमधली रसायनांची पिंपं गंजून फुटली होती आणि त्यांतलं विष थेंबाथेंबानं जमिनीत मुरत होतं. साफसफाई सुरू व्हायला तपासणीचा अहवाल हवा. अहवालासाठी पाणी चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत उघडायला हवं. फाटकाची किल्ली जमीन खात्याकडे. ती निघायची फक्त गुरुवारी दुपारी. प्रयोगशाळा चार तासांच्या वाटेवर. संध्याकाळी तिथं कुलूप, आणि शुक्रवारी यंत्रांची सफाई. शनिवारी बाटली उघडली की कागदावर शेरा पडायचा, ‘मुदतबाह्य’. मग तिन्ही खाती एकमेकांना पत्रं लिहायची. प्रत्येकाचं पत्र बिनचूक. पिंपं आपली पाझरत.

चाळीत आता अकराच घरं उरली होती. ती अजून दारातल्या हापशाचंच पाणी भरत होती. ताईच्या पोटऱ्यांवर गेल्या वर्षीपासून काळे चट्टे आले होते. ती ते लुगड्याखाली झाकायची, आणि तो पाहूनही न पाहिल्यासारखं करायचा.

“माझ्याकडे चल ना ताई. निदान हे पाणी तरी सोड.”

“काचेसारखं आहे की रे! लहानपणी ओढा रंगीत वाहायचा, तेव्हा नाही मेलो.” मग ती म्हणाली, “बाबांनी दोन-दोन पाळ्या करून हे घर केलं, धाकट्या. तुझ्या सांगण्यावरून उठायची नाही मी. सरकारनं लिहून द्यावं, हे विष आहे म्हणून. त्या दिवशी उठेन.”

ओढ्याचं नाव निघालं की त्याला पुढं बोलवत नसे. काय दिवस होते! सकाळी उठून दोघं आधी ओढ्याकडे पळायची. आज निळा, की लाल, की हळदीसारखा पिवळा? ज्याची पैज चुके त्यानं दुसऱ्याचं दप्तर वाहायचं. संध्याकाळी बाबा त्याच रंगाचे तळहात घेऊन यायचे. आई साबणाच्या पाण्यानं ते हात चोळायची आणि हलक्या आवाजात म्हणायची,

रंगाच्या गं कामाला माझा राजा गेला,
हात निळे घेऊन गं सांज करून आला.

रंग कधी पुरता गेला नाही. बाबा पन्नाशीच्या आतच गेले, त्यांना नेलं तेव्हाही नखं निळीच होती. आईनं त्यानंतर ते गाणं म्हटलं नाही.

दहाव्या बाटलीवरही तोच शेरा आला. त्याच्या निवृत्तीला सात महिने उरले होते. त्या सोमवारी त्यानं रजा टाकली, एक कोरा कागद घेतला, वर लिहिलं ‘मंगळवार, सकाळी सात’, खाली आपली सही केली आणि पत्र न पाठवता स्वतःच निघाला.

जमीन खात्यातला किल्लीवाला डबा खात बसला होता.

“गुरुवारच का हो तुमचा?” यानं विचारलं.

“नियम आहे.”

“कुणाचा?”

किल्लीवाल्यानं घास थांबवला. “गुरुवारी आपली जीप तिकडे जायची ना. जीपबरोबर किल्ली.”

“आणि जीप?”

“ती भंगारात जाऊन नऊ वर्षं झाली.” स्वतःचंच वाक्य ऐकून तो ओशाळला. “मी बसनं येतो. कुठल्याही दिवशी येईन म्हणा. आजवर कुणी विचारलंच नाही!”

“मग पुढच्या मंगळवारी या. इथं सही करा.”

दुसऱ्या दिवशी तो प्रयोगशाळेत गेला. तिथल्या बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, मग कागदावरच्या त्याच्या सहीकडे.

“अगंबाई, बाटलीवाले तुम्ही? अकरा वर्षं ही सही ओळखते मी. आम्ही म्हणायचो, किती आळशी माणूस आहे, एकदा म्हणून वेळेत नमुना पाठवत नाही.”

“आणि आम्ही म्हणायचो, या बाईंना नाही म्हणण्यात काय गोडी वाटते कोण जाणे.”

बाई खळखळून हसल्या. मग त्यांनी कागद जवळ ओढला. “तिथं माणसं राहतात का हो?”

“अकरा घरं. एका घरात माझी बहीण.”

त्यांनी सही केली. “येत्या मंगळवारी मी टेबल मोकळं ठेवते. बारापर्यंत या. साफसफाईवाल्यांनाही आजच कळवते, अहवालाची वाट बघत बसायला नको. त्यांनी तयारीत राहावं.”

पुढच्या मंगळवारी सातला कुलूप उघडलं आणि बारात वीस कमी असताना बाटली बाईंच्या हातात पडली. बाटलीचं बूच त्यांनी त्याच्यासमोर काढलं.

अहवाल नवव्या दिवशी आला. पायरीवर बसून त्यानं तो ताईला वाचून दाखवला. आकडे तिला कळले नाहीत. पण ‘पिण्यास, वापरण्यास, वास्तव्यास अयोग्य’ हे शब्द तिनं दोनदा वाचायला लावले.

“म्हणजे बाबा…” ती म्हणाली.

त्यानं मान खाली घातली.

ताई उठली. आतून दोरी आणली, हापशाचा दांडा खांबाला आवळून बांधला आणि वर तीन गाठी मारल्या. “शेजारीणबाई भरेल नाहीतर,” ती म्हणाली. “तिला वाचता येत नाही.”

‘मंगळवार, सकाळी सात’चा तो सह्यांचा कागद मग तिन्ही खात्यांच्या भिंतींवर लागला. दर मंगळवारी सातला सगळे फाटकाशी उभे. ज्याचं अडेल त्यानं तिथंच विचारायचं, दुसऱ्यानं तिथंच सांगायचं. बावीस वर्षं न हललेली पिंपं पाच आठवड्यांत गेली. अकरा घरांना दुसरीकडे खोल्या मिळाल्या. ताई त्याच्याकडे आली. चौथ्या महिन्यात यंत्रं चाळीपर्यंत पोचली. विष दोन पुरुष खोल मुरलं होतं. घरं पाडून खालची सगळी माती उचलायची होती.

“मला बघायचंय,” ताई म्हणाली. तो तिला घेऊन गेला.

त्यांच्या घराच्या जागी खड्डा होता. कुठं चूल, कुठं कोनाडा, काही ठरवता येईना. यंत्र थांबलं होतं. ताई काठाशी वाकली आणि तिनं मूठभर माती उचलली.

“घेऊ?”

त्यानं नकाराची मान हलवली.

“एवढीशी, धाकट्या. घराची आहे रे.”

“माहीत आहे, ताई.”

तिनं मूठ सैल सोडली. माती खाली गेली, वाऱ्यानं थोडी तिच्या पदरावर आली. तिनं ती हळूच झटकली.

बाहेर पडताना चपला, पाय, हात धुवायचे; इथला कणही बाहेर न्यायचा नाही, असा नियम. धुण्याचं पाणीसुद्धा पिंपात जायचं. पहारेकरी पाण्याचा मग घेऊन पुढं आला. धाकट्यानं तो मग त्याच्याकडून आपल्या हातात घेतला, ताईला बाकावर बसवलं आणि तिच्या पायांवर पाणी ओतलं. टाचांच्या भेगांतून तांबूस पाणी निघत राहिलं.

“नखांत राहिली आहे बघ,” ताई म्हणाली आणि लहान मुलीसारखे दोन्ही हात पुढं केले.

त्यानं ब्रश घेतला. एकेक बोट धरून, दुखणार नाही अशा बेतानं, तो नखं घासू लागला. पाचव्या मगाला पाणी स्वच्छ पडलं. तरी त्यानं आणखी एक ओतला.