सेंटरच्या खिडकीतली बाई

ड्रायव्हिंग स्कूलमधल्या मास्तरीणबाईंचा आवाज असा खणखणीत होता, की गाडीच्या काचा बंद असल्या तरी फुटपाथवरच्या माणसाला अख्खा धडा ऐकू जायचा. "क्लच हळूऽऽ सोडा! पाय आहे तो, हातोडा नाही!" अंगाने त्या चांगल्या भरभक्कम. शेजारच्या सीटवर त्या एकदा ऐसपैस बसल्या, की कितीही घाबरट नवशिका असो, त्याच्या जिवात जीव यायचा.

त्या दिवशी चाकावर होते नुकतेच निवृत्त झालेले गणिताचे सर. रस्त्याकडेच्या दोन गाड्यांच्या मधे आपली गाडी मागे घेऊन लावायची, एवढाच धडा. जागा मुद्दाम रुंद निवडलेली. एका बाजूला औषधांचं दुकान, दुसऱ्या बाजूला वजन कमी करून देणारं सेंटर. सेंटरच्या काचेच्या खिडकीत एकाच बाईचे दोन मोठे फोटो लावलेले होते. डावीकडे गोलमटोल, केस विस्कटलेली. उजवीकडे तीच बाई निळ्या ड्रेसमध्ये, बारीक, हसरी. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'आता तुमची पाळी!'

सर गाडी मागे घेता घेता तिकडेच बघत राहिले. "काय जिद्द असेल हो त्या बाईची!"

"सर, मागे खांब आहे. आधी त्याच्याकडे बघा."

सरांनी करकचून ब्रेक दाबला. खांब थोडक्यात वाचला. मास्तरीणबाई खिडकीकडे बघून नुसत्या हसल्या. त्या दोन्ही फोटोंमधली बाई आपल्या शेजारीच बसली आहे, हे सरांच्या गावीही नव्हतं. कोणाच्याच नव्हतं. मास्तरीणबाई आता डावीकडच्या फोटोपेक्षाही थोड्या जाडच होत्या.

सेंटरमध्ये त्यांना नेलं होतं वहिनीने. भाऊ आणि वहिनी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहत, आणि खाली आई, बाबा आणि मास्तरीणबाई. वहिनी मनाची चांगली, पण खाण्याच्या बाबतीत पक्की पोलीस. स्वतःच्या ताटातला घासन्‌घास तोलून खायची आणि दुसऱ्याच्या ताटावरही तिची गस्त असायची. "वन्सं, एकदा करून तर बघा," म्हणून ती मागेच लागली, तेव्हा मास्तरीणबाई तयार झाल्या. दर आठवड्याला काट्यावर उभं राहायचं, काटा खाली गेला की बाकीच्या बायकांनी टाळ्या वाजवायच्या, असा तिथला रिवाज.

आणि नेमके त्याच सुमाराला बाबा आजारी पडले.

दिवसभर गाडी शिकवून मास्तरीणबाई संध्याकाळी घरी यायच्या, बाबांच्या उशाशी बसायच्या आणि त्यांना चमच्याचमच्याने सूप भरवायच्या. बाबा दोन चमचे घ्यायचे, तिसऱ्याला मान फिरवायचे. मग मास्तरीणबाईंनाही घास जायचा नाही. ताट झाकून तसंच राहायचं. कपडे ढगळ होऊ लागले. सेंटरमध्ये काटा भराभर खाली यायला लागला, तशा टाळ्या वाढल्या. "हे असंच चालू ठेवायचं हं!" सेंटरच्या मॅडम म्हणायच्या. काय चालू आहे, ते मात्र कोणी विचारलं नाही.

बाबा गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो उजवीकडचा फोटो काढला गेला. ड्रेस वहिनीचा होता. फोटोग्राफर म्हणाला, "ताई, जरा मोकळं हसा." आणि त्या हसल्या. त्या सबंध वर्षात इतकी सोपी गोष्ट त्यांच्याकडे कोणी मागितलीच नव्हती.

पुढे काय झालं, ते फोटोत मावणारं नव्हतं. संध्याकाळी कामावरून आलं की घर खायला उठायचं. बाबांच्या सुपाची वेळ व्हायची, आणि हात रिकामे. मास्तरीणबाई पायातल्या चपलांसकट स्वयंपाकघरात जायच्या आणि ओट्याशी उभ्या राहून पाव, बिस्किटं, सकाळचा गार भात, जे हाताला लागेल ते पोटात ढकलत राहायच्या. भूक नसायची. चवही कळायची नाही. मग स्वतःची अशी शरम वाटायची, की दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून नुसत्या काकडीवर राहायचं आणि संध्याकाळी पुन्हा ओटा गाठायचा. गेलेलं वजन परत आलं, आणि येताना सोबत पाहुणेही घेऊन आलं. सेंटर टाळायला त्यांनी समोरचा फुटपाथ धरला. उकडलेलं खाऊन झालं, मीठ सोडून झालं, कुठले कुठले रस पिऊन झाले. आई मात्र उजवीकडच्या फोटोची एक प्रत चौकटीत घालून आपल्या पलंगाशेजारी ठेवून होती. येताजाता म्हणायची, "तेव्हा कशी दिसायचीस गं!"

गुडघा दुखायला लागला, तेव्हा मास्तरीणबाई एका डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. वजनावरून बोलणी खायची तयारी करूनच गेल्या होत्या. पण डॉक्टरीणबाईंनी आधी गुडघा तपासला, व्यायाम समजावून सांगितला, आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, "जेवता कधी?"

"जेवते कुठे? संध्याकाळी घरी गेले की खाते. उभ्या उभ्या."

"भूक असते तेव्हा?"

"नाही हो."

"मग काय असतं?"

मास्तरीणबाईंनी तोंड उघडलं. दमलेली असते, सवय आहे, असलं काहीतरी सांगायचं होतं. बाहेर पडला तो एकच शब्द. "बाबा." आणि त्या धाय मोकलून रडायला लागल्या. दिवसभर भल्याभल्यांना धाक दाखवणारी बाई, पण आता हुंदका काही आवरेना.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना शांत होऊ दिलं. मग शेजारच्या खोलीत बसणाऱ्या समुपदेशक बाईंचं नाव सांगितलं. मास्तरीणबाईंनी डोळे पुसले आणि त्या लगेच ताठ झाल्या. "मी काही वेडी नाहीये."

"असतात तर गाडी शिकवू दिली असती का तुम्हाला? मन दुखतंय. गुडघ्यासारखंच."

त्या जायला लागल्या. पहिले काही आठवडे नुसत्या रडून यायच्या, नंतर बोलायला लागल्या. घरी आल्यावर सरळ स्वयंपाकघरात घुसायचं नाही, आधी खिडकीशी खुर्ची ओढून बसायचं, असं ठरलं. तिथे बसून त्या मनातल्या मनात म्हणायच्या, 'बाबा, आज फार आठवण येतेय.' कधी तेवढ्याने भागायचं. कधी नाही भागायचं, मग त्या खायच्या. पण ताटलीत वाढून, बसून आणि चव घेत. आणि खाल्ल्यावर स्वतःला शिव्या घालायच्या नाहीत, हे तर त्यांनी कायदाच केल्यासारखं पाळलं.

एक दिवस कपाट उघडून, बारीक झाल्यावर घालायचे म्हणून जपलेले कपडे त्यांनी गठ्ठा बांधून देऊन टाकले. शिंपिणीकडे जाऊन लालभडक ड्रेस शिवायला टाकला. शिंपिणीने विचारलं, "जरा ढगळ ठेवू का? झाकलं जातं."

"मापात ठेवा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "झाकायला मी काय चोरी केलीय?"

ड्रेस शिवून आला आणि त्याच सुमाराला सेंटरच्या मॅडमचा फोन आला. सेंटरचा वर्धापनदिन होता, मोठा हॉल घेतला होता. "तुम्ही म्हणजे आमची शान! तुमचा फोटो बघून किती बायका येतात, माहितीये? स्टेजवर दोन शब्द बोला. घरच्यांनाही आणा."

आधीच्या मास्तरीणबाईंना त्या दिवशी नक्की ताप आला असता. या मास्तरीणबाई म्हणाल्या, "येते की."

हॉलच्या दारात मॅडम पाहुण्यांचं स्वागत करत होत्या. आई आणि वहिनी पुढे गेल्या. मागून लाल ड्रेसमध्ये मास्तरीणबाई आल्या, तेव्हा मॅडमचं हसू ओठांवरच अडकलं. त्यांनी मास्तरीणबाईंना हळूच बाजूला घेतलं.

"अहो, हे काय झालं?"

"बरंच काही झालं. सांगीन ना, बोलायला तर बोलावलंत."

"नाही, म्हणजे... असं करू. पडद्यावर तुमचा फोटो दाखवू. तुम्ही मागच्या रांगेतून नुसता हात हलवा."

"हात मी रोज हलवते, मॅडम. गाडी शिकवते ना," असं म्हणून मास्तरीणबाई पुढच्या रांगेत आईशेजारी जाऊन बसल्या.

निवेदकाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पडद्यावर ते दोन फोटो झळकले आणि त्याने मोठ्या उत्साहात पुकारा केला, "आणि आता, जिच्याकडे बघून आपण सगळे इथे आलो, ती ही!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तरीणबाई उठून पायऱ्या चढू लागल्या, तसा तो विरत विरत बंदच पडला. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. त्यांनी माईक हातात घेतला आणि आवाज नेहमीचाच खणखणीत निघाला.

"मीच ती. फोटो खोटा नाहीये, तेव्हा मी खरंच एवढी बारीक होते. पण त्या उजवीकडच्या बाईचे वडील नुकतेच गेले होते. तिला घास जात नव्हता. तिने वजन कमी केलं नाही, ते आपलं आपण गेलं, आणि आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "आता डावीकडची बघा. केस विस्कटलेत ना? त्या दिवशी माझ्याकडे शिकणाऱ्या एक आजी लायसन्सची परीक्षा पास झाल्या होत्या. त्यांनी मला अशी मिठी मारली, की केसांचं घरटं झालं. फोटो काढताना मला बजावलं होतं, हसू नका. मला हसू दाबता येत नव्हतं. नीट बघा, गाल फुगलेत ते त्यामुळे."

मागून कोणीतरी खुदकन हसलं. मग आणखी दोघीतिघी.

"ज्यांना वजन कमी करायचंय, त्यांनी खुशाल करा. गुडघ्यासाठी मीही व्यायाम करते आणि मनासाठी समुपदेशक बाईंकडे जाते. पण कोणाचा काटा खाली आला, की टाळ्या वाजवायच्या आधी एवढं विचारा, बाई गं, घरी सगळं ठीक आहे ना? आणि वर गेला तरी तेच विचारा. माझे दोन्ही फोटो उतरवा, मॅडम. माझं दुःख मी जाहिरातीला दिलं नव्हतं."

मॅडमनी कोरड्या आवाजात आभार मानले आणि पुढचा कार्यक्रम सुरू केला. काही बायका तोंड फिरवून बसल्या. काही जणी मात्र नंतर दारापाशी मास्तरीणबाईंना गाठून बोलत राहिल्या. त्यातल्या एकीने तर हात धरला तो सोडेचना.

घरी आल्या आल्या आई आपल्या खोलीत गेली आणि पलंगाशेजारची चौकट घेऊन बाहेर आली.

"मी कौतुकाने बघायचे गं रोज," ती म्हणाली. "मला वाटायचं, चला, त्या वाईट दिवसांतही माझी पोरगी हसत होती. तुझे डोळे मला दिसलेच नाहीत."

"तू तुझ्या दुःखात होतीस, आई."

"आई कसली मी! येताजाता तुला टोचत राहिले." आईने फोटो चौकटीतून काढून लेकीच्या हातात दिला. मास्तरीणबाईंनी तो फाडला नाही. फोटोतली ती बाईही त्या स्वतःच होत्या, आणि बरंच सोसून इथवर आल्या होत्या. त्यांनी तो बाबांच्या फोटोमागे ठेवून दिला.

वहिनी दारातच उभी होती. ती एकदम म्हणाली, "वन्सं, मला ना सारखी भूक लागते हो. झोपेतसुद्धा." आणि ओठ दाबून उभी राहिली.

"मग उभी काय राहिलीस? बस," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आधी जेव, मग रड. रिकाम्या पोटी रडलं की डोकं चढतं."

पुढच्याच आठवड्यात खिडकीतले फोटो उतरले. काही दिवसांनी मॅडमचा फोन आला. "रागावले होते मी तुमच्यावर. पण काल एकीचं वजन झरकन उतरलेलं दिसलं, आणि टाळ्यांआधी मी तिला विचारलं. ती तासभर रडत बसली होती माझ्याकडे. तुमच्या त्या समुपदेशक बाईंचा नंबर द्याल का?"

मास्तरीणबाईंच्या वजनाचं म्हणाल, तर थोडं उतरलं, पुष्कळसं राहिलं. गुडघा बरा झाला, जिना चढताना दम लागेनासा झाला. आरशासमोर आता त्या चांगल्या रेंगाळतात आणि लाल ड्रेसवर निरनिराळे कानातले लावून बघतात. संध्याकाळी मायलेकी एकत्र जेवायला बसतात, कधी वरून वहिनीही येते. इतके दिवस त्या घरात बाबांचं नाव निघालं की ताट बाजूला सरायचं. आता आई स्वतःहून विषय काढते.

परवा तिने सांगितलं, "तुला माहितीये? लग्नानंतर ह्यांनी मित्राची गाडी मागून आणली, मला फिरवायला. पुढे नेली ऐटीत. पण मागे कशी घ्यायची तेच येईना. मग काय, परत येईपर्यंत सगळी वळणं पुढेपुढेच! अख्ख्या गावाला वळसा घालून घरी पोचलो."

वहिनीला ठसका लागला. मास्तरीणबाई इतक्या हसल्या, की त्यांना हातातला घास ताटात ठेवावा लागला. डोळे पुसून त्यांनी तो पुन्हा उचलला आणि त्या म्हणाल्या, "आई, भाजी वाढ गं अजून. छान झालीय."